न जळणारी वात

आमच्या भागात दवाखान्यात पेशंट बोलत नाही. तो स्टुलावर बसतो, सदरा वर करतो, जीभ बाहेर काढतो आणि बाकी सगळं सोबतची माणसं बोलतात. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, भूक लागते का, झोप येते का, याची उत्तरं पुतण्या देतो, जावई देतो, कधी कधी तर त्याच जीपमधून गावाहून आलेला शेजारीसुद्धा देतो. डॉक्टरांनी पेशंटकडे बघून विचारलं तरी पेशंट आधी आपल्या माणसांकडे बघतो. त्यात माया असते, मान्य आहे. पण मला त्याचा फार राग येतो. माझा राग नाकावरच असतो असं माहेरी आणि सासरी दोन्हीकडं एकमतानं ठरलेलं आहे, त्यामुळं मी तो लपवतही नाही.

बापूंच्या वतीनं बोलायचं काम काकांकडं होतं. बापू म्हणजे माझे वडील, नायगावजवळच्या एका खेड्यातले, नेव्हीतून पेन्शनवर आलेले. काका त्यांचे धाकटे भाऊ, घरची शेती बघणारे. काकांचा आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला भलताच माणूस ओ देतो. बापू उलटे. जेवायला वाढलेलं नको असेल तर ताटावर हात धरतील, पण 'नको' म्हणणार नाहीत. दोघांची वाटणीच तशी झाली होती. एकाकडं शेत आणि बोलणं, दुसऱ्याकडं पेन्शन आणि गप्प बसणं.

काकांच्या बोलण्यातला निम्मा माल म्हणजे बापूंची तोफ. बापू जहाजावर तोफेवर होते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. लढाईच्या वेळी तोफ उडाली की जहाज कसं म्हशीसारखं अंग झाडायचं, बापूंचे कान आठ-आठ दिवस कसे गुंग असायचे, हे काका पारावर बसून सांगायचे, जणू गोळे यांनीच भरून दिले होते. पंधरा ऑगस्टला शाळेत बापूंना खुर्ची असायची. सरपंच हार घालायचे, काका तोफ उडवायचे आणि मग बापू उठून दोन वाक्यं बोलायचे. शिका, व्यायाम करा. जय हिंद. टाळ्या पडत असताना ते टोपी नीट करत खाली बघत राहायचे. केवढी नम्रता, असं गुरुजी म्हणायचे. आम्हालाही तसंच वाटायचं.

मागच्या वर्षी बापूंना उजव्या बाजूनं छातीत दुखायला लागलं. मग दम लागायला लागला. नांदेडला नेलं, फोटो काढला, छातीत पाणी निघालं. सुईनं काढलं तेव्हा तांब्याभर तरी असेल. पाण्यात जंतू काही सापडले नाहीत, पण आमच्याकडं छातीत पाणी म्हणजे टीबी, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबरच निघतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलंही होतं, काय काम करत होते म्हणून. काका म्हणाले, "नेव्हीत होते, तोफेवर." डॉक्टरांनी मान हलवली आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

टीबी म्हटल्यावर घराचा चेहरा बदलला. काकांनी गावात निमोनिया सांगितला. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, त्यावरही काकांनी बिटाची कोशिंबीर खाल्ल्याचं कारण तयार ठेवलं होतं. बापूंनी गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला, एक खाडा नाही. आणि कोर्स संपताना अंगावरचं मांस उतरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली आणि छातीत पुन्हा पाणी.

मग मी भांडून त्यांना लातूरला माझ्याकडं आणलं. सोबत माय आली, म्हणजे माझी आई, आणि काका तर आलेच. माझ्या नवऱ्यानं आपली खोली बापूंना दिली आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकली. मी कॉलेजातून रजा काढली.

छातीची डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होती. तिनं स्कॅनचा फोटो भिंतीवरच्या उजेडात लावला आणि बराच वेळ बघत राहिली. केबिनमध्ये खुर्च्या दोनच, त्यामुळं बापू स्टुलावर, मी आणि काका खुर्चीत, आणि माय दाराशेजारच्या बाकड्यावर पदर आवळून बसलेली. डॉक्टरनं फोटोत पांढरे चट्टे दाखवले. फुप्फुसाच्या आवरणावर दोन्ही बाजूंनी होते, भिंतीचा पोपडा सुटावा तसे.

"आजोबा, तुम्ही कधी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता का? पाइपाच्या? बॉयलरपाशी काम केलंय कुठं?"

बापूंनी काकांकडं बघितलं.

"छ्या, छ्या, म्याडम," काका म्हणाले. "नेव्हीत होते आमचे भाऊ. लढाईतले हायत. तोफेवर."

"जहाजावर नेमकं कुठं?"

"वरच की! तोफ काय तळघरात राहते का?"

डॉक्टर हसली नाही. तिनं खुर्ची बापूंच्या बाजूला वळवली आणि आमच्यासाठी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. हा औषधाला न जुमानणारा टीबी असू शकतो. मग आणखी जड गोळ्या, बऱ्याच दिवसांच्या. त्यांनी कानावर, नसांवर, लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. किंवा हे टीबी नसेलच. ॲस्बेस्टॉस म्हणून एक दगडातून निघणारा धागा असतो, उष्णता अडवायला वापरायचे. त्याची धूळ छातीत गेली तर तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा आजार उठतो. ते बघायचं तर छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढावा लागेल, भूल द्यावी लागेल.

"यांचं हृदय कमजोर आहे," ती म्हणाली. "नुसत्या संशयावर या वयात भूल देणं मला जिवावर येतं. आणि नको त्या गोळ्या दिल्या तर आहे ती ताकदही जाईल. त्या धुळीशी यांचा संबंध आला होता एवढं जरी मला कळलं, तरी मी आजच तुकडा काढायला पाठवीन. परवा या. तोवर नीट आठवून बघा."

काका जिन्यातच म्हणाले, "आठवायचं काय त्यात? सगळं तर तोंडपाठ हाय." बापू कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला वरून ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घरात मशीन असूनही ती हातानं धुते, कारण मशीन नुसतं कपडे भिजवून फिरवतं असं तिचं मत आहे. मी चिमटे देत उभी होते. तिनं बापूंचा सदरा झटकला, तारेवर टाकला आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"काय गं, तोफेला कापूस लागतो का?"

"काय?"

"कापूस. तोफेत कापूस भरतात का?"

मला वाटलं मायचं डोकं काळजीनं फिरलं. मी म्हटलं, "नाही भरत. का?"

"मंग ह्यांच्या कपड्यात कुठून यायचा?"

आणि मग तिनं मला त्या वातीबद्दल सांगितलं. वात मला माहीत होती. तिच्यामागची गोष्ट माहीत नव्हती.

गावाकडच्या आमच्या देवघरात एक समई आहे, आणि तिच्यात एक वात आहे जी जळत नाही. तेल जळतं, ज्योत लागते, पण वात तशीच राहते. इतर बायका रोज कापसाची वात वळतात, माय फक्त सकाळी नखानं काजळी काढायची, फुंकर मारायची आणि तीच वात पुन्हा लावायची. नवरात्रात गावातल्या बायका ती बघायला यायच्या, समईला हात लावून कपाळाला लावायच्या. तुझ्या घरावर देवीची नजर हाय, म्हणायच्या. माझ्या शाळकरी वयात मला त्या वातीचा भारी तोरा होता. पुढे चार बुकं शिकल्यावर मी तिला 'मायचं काहीतरी' म्हणून सोडून दिलं. ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

लग्नानंतर काही वर्षं माय मुंबईला नेव्हीच्या क्वार्टरमध्ये राहिली होती. जहाज बंदरात दुरुस्तीला लागलं की बापू रोज घरी यायचे, आणि पिशवीत कामाची निळी डांगरी असायची, अंगभर एकसंध. माय ती भिजवायच्या आधी मागच्या गॅलरीत झटकायची. पांढरे, मऊ तंतू उडायचे. कापसाच्या वेचणीला लहानपणापासून गेलेली पोर ती. वेचणीच्या दिवसांत लुगड्याला जसा कापूस चिकटतो तसंच तिला वाटलं. कापूस म्हणजे लक्ष्मी, तो टाकवेना. तिनं तो शिवणीतून, खिशातून वेचून गोळा केला आणि तळहातावर वळून देवापुढं लावला. तो जळेना. दुसऱ्या दिवशीही जळेना.

"मी ह्यांना दाखवलं. ते लई हसले," माय म्हणाली. "मंग एक दिवस हातभर दोरच आणून दिला. पांढरा. नळीच्या सांध्यात भरतात म्हणे. म्हणले, घे, जन्मभर पुरंल तुझ्या देवाला. मी त्याचे पदर सोडून सोडून वाती केल्या. नवरात्र आलं की थोडा सोडायचा, पिंजायचा, फुंकायचा."

"फुंकायचा?"

"मंग? कुसळं उडवावी लागत्यात."

"म्हणजे तुला माहीत होतं, बापू तोफेवर नव्हते म्हणून?"

"बायकोला ठाव नसंल तर कुणाला असंल? तेलाचा वास काय तोफेचा राहतो का?" ती शेवटचा टॉवेल झटकत म्हणाली. "बॉयलरवर होते. अंधारात, खाली. मी काही विचारलं न्हाई, त्यांनी काही सांगितलं न्हाई."

मी आत येऊन फोनवर वाचायला बसले. दगडाचा धागा, न जळणारा, वाफेच्या नळ्यांवर, जुन्या जहाजांवर. एक एक ओळ मी दोन-दोनदा वाचली. आणि त्याबरोबर असा संताप आला की काय सांगू. डॉक्टर विचारून विचारून थकली, नांदेडला विचारलं, इथं विचारलं, आणि एक माणूस गप्प बसून गोळ्या गिळत राहिला. कशासाठी, तर पंधरा ऑगस्टच्या खुर्चीसाठी!

बापू खोलीत आवाज बंद करून टीव्ही बघत होते. काका खाली पान खायला गेले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बापू, तुम्ही जहाजावर कुठं होता?"

"काकाला विचार," ते म्हणाले.

"मी तुम्हाला विचारून राहिले."

त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "तोफेवर."

"तोफेवर? मग मायला वातीसाठी दोर काय तोफेतून काढून दिला? तुम्हाला जीव नकोसा झालाय का? का गावातल्या टाळ्या जास्त झाल्यात?"

मी ओरडत होते. वडिलांवर असं ओरडलेली मी पहिल्यांदाच, आणि ओरडताना रडायलाही येत होतं, त्यामुळं आणखीच राग येत होता. बापूंचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं आता खोकल्याची उबळ येणार. पण ते रिमोट हातात धरून बसून राहिले. मायनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"तू म्याडमला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "मी बी सांगणार न्हाई."

"माय, जिवाचा प्रश्न आहे."

"त्यांच्याच जिवाचा हाय ना? मंग त्यांना बोलू दे. आपुन बोललो तर ते भावापुढं खोटे पडतील. त्यांनी तोंडानं सांगितलं तर खोटे न्हाई पडत."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "तर मंग बघू."

मी तिला हो म्हटलं नाही. मनात ठरवून टाकलं होतं. बापूंनी सांगितलं नाही तर डॉक्टरसमोर मी सांगणार, मग त्यांनी जन्मभर माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नाही. काका मात्र जेवताना डॉक्टरला काय काय सांगायचं याची उजळणी करत होते. बापूंनी अर्धी भाकरी खाऊन ताटावर हात धरला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच केबिन, त्याच दोन खुर्च्या. माय बाकड्यावर. रिक्षातून उतरताना बापूंचा तोल गेला होता आणि त्यांनी माझा हात धरला होता, तो केबिनच्या दारापर्यंत सोडला नव्हता.

"आठवलं काही?" डॉक्टरनं विचारलं.

"लई आठवलं, म्याडम," काका पुढं सरकले. "रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. दारूगोळा! तोफेचा धूर! सगळा धूर ह्यांच्याच तोंडावर यायचा. त्यानंच झालं असंल."

"काका, त्या धुरानं असे चट्टे पडत नाहीत. दुसरं काही?"

"दुसरं काय राहणार? मी सांगतो ना, तोफेवर..."

डॉक्टरनं सुस्कारा सोडला. बापूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कागद पुढं ओढला. "ठीक आहे. मग आपण जड गोळ्यांचा विचार करू," ती म्हणाली आणि तिनं पेनाचं टोपण काढलं. मी तोंड उघडलं.

"तू गप बस," बापू म्हणाले.

मला वाटलं मलाच म्हणाले. पण ते काकांकडं बघत होते. मोठ्या भावानं त्यांना असं चारचौघांत कधी दटावलं नसावं.

"म्याडम, मी तोफ लांबून पाहिली," बापू म्हणाले. "मी खाली होतो. बॉयलरपाशी. आम्हाला स्टोकर म्हणायचे." ते मधे मधे श्वास घेत होते आणि डॉक्टर पेन हातात तसंच धरून थांबली होती. "वाफेच्या नळ्या राहतात, त्याच्यावर पांढरं जाडं कवच राहतं. ते फुटलं की आम्हीच सोलायचं, आम्हीच नवीन लिंपायचं. साहेबांची तपासणी असली की घासून गुळगुळीत करायचं, रंग द्यायचा. घासताना समोरचा माणूस दिसत नव्हता. दुरुस्तीला जहाज लागलं की सगळ्या नळ्या उघड्या करायच्या. हिवाळ्यात सकाळी धुकं पडतं ना नदीवर, तसं राहायचं आतमधी."

"तोंडाला काही बांधायचात?"

"गरमीनं अंगावर बनियन ठेवू वाटत नव्हतं. तोंडाला काय बांधणार?"

"किती वर्षं?"

"सगळी नोकरी."

काकांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा खिशात घातला.

"मंग आबा?" काकांनी विचारलं. आबा म्हणजे त्या दोघांचे वडील, माझे आजोबा. "आबा तर सांगायचे, तू तोफेवर हायस म्हणून."

"मी पहिल्या सुट्टीला आलो, त्याच्या आधीच आबांनी पारावर सांगून टाकलं होतं. बस थांब्यावर हलगी घेऊन आले होते लोक. मी घरी आल्यावर आबांना खरं सांगितलं. आबा म्हणले, भट्टीसमोर बसायला पोरगा एवढा लांब धाडला म्हणून लोक हसतील. ऱ्हाऊ दे. मंग ऱ्हायलं." बापूंनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू खोटं न्हाई बोलला. तुला जे सांगितलं ते तू सांगितलंस."

आमच्या घरात असं दृश्य मी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांत साठलेला माझा सगळा राग तिथंच कुठंतरी विरघळला आणि मला लहान मुलीसारखं बापूंच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण डॉक्टर लिहायला लागली होती. जड गोळ्यांचा कागद तिनं बाजूला सारला आणि तुकडा काढायला चिठ्ठी लिहिली. हे चांगलं नसण्याची शक्यता जास्त आहे, असं ती बापूंच्या डोळ्यांत बघून म्हणाली. बापूंनी मान हलवली. पुढे तो तुकडा तपासून आला तेव्हा तिचा संशय खरा ठरला, आणि त्याच्यावर लागू पडणारं औषध फारसं नाही हेही कळलं. पण माझ्या मनात तो रिपोर्टचा दिवस इतका नाही. त्या केबिनमधून आम्ही बाहेर पडायच्या आधी जे झालं ते आहे.

डॉक्टरनं लिहिता लिहिता सहज विचारलं, "कामाचे कपडे कुठं धुवायचात? जहाजावरच?"

"जहाजावर गोड्या पाण्याची मारामार," बापू म्हणाले. "बंदरात असलो की घरी न्यायचो."

"घरी कोण धुवायचं?"

"मी," माय म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. दोन्ही वेळेला त्या बाकड्यावर बसून ती एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. डॉक्टरनं तिला जवळ बोलावलं. मी खुर्ची दिली. मायनं सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. डांगरी कशी झटकायची, कापूस कसा वेचायची, दोराचे पदर कसे सोडायची, वात पिंजून कशी फुंकायची. आणि अजूनही ती वात गावाकडं तेवते आहे, आता धाकटी जाऊ, म्हणजे काकांची बायको, लावते, हेही.

"दम लागतो का तुम्हाला?"

"लागतो की. वय काय थोडं हाय?"

"खोकला?"

"फोडणी दिली की येतो."

"एक छातीचा फोटो काढू," डॉक्टर म्हणाली. "आजच. खालीच आहे मशीन."

तेव्हा बापू उभे राहिले. स्टूल मागं घसरलं. स्वतःच्या छातीतल्या पाण्याबद्दल, त्या तुकड्याबद्दल ऐकून ज्या माणसाचा आवाज चढला नव्हता, तो आता ओरडला, "तिला कशाला? म्याडम, तिनं जहाजावर पाय बी ठेवला न्हाई! ती कधी पायरी चढली न्हाई जहाजाची!" आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मी आणि काकांनी दोन्हीकडून धरलं. डॉक्टरनं पाणी दिलं.

आम्ही खाली गेलो. एक्स-रेच्या खोलीबाहेर बायांची रांग होती. नंबर आला तसा आतला माणूस म्हणाला, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा."

मायनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "वर धरते की. तोंडात धरते."

"फोटोत येतं, मावशी. काढावंच लागतं."

"मंग नको मला फोटो."

मी म्हटलं, "माय, दोन मिनिटांचं काम आहे." काका म्हणाले, "वहिनी, सगळ्या बाया काढतात." रांगेतली एक बाई म्हणाली, मी पण काढलं, काही होत नाही. माय ऐकेना. तिची मूठ सुटेना. ती माझ्याकडं, काकांकडं, कुणाकडंच बघत नव्हती, आणि तिला कशाची भीती वाटते आहे हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं. आज, वरून असं ऐकून आल्यावर, स्वतःच्या हातानं गळा मोकळा करायचा? ती मान हलवत राहिली. आतला माणूस वैतागून पुढचा नंबर पुकारायला लागला.

बापू बाकावरून उठले. काकांचा हात त्यांनी बाजूला केला आणि भिंतीला धरत, थांबत थांबत तिच्यासमोर गेले. चार माणसांत त्यांनी तिला कधी हात लावलेला मी बघितला नव्हता. त्यांनी तिच्या मानेमागं दोन्ही हात नेले. आकडा निघता निघत नव्हता. माय ताठ उभी होती, डोळे गच्च मिटून.

"घाबरू नको," ते म्हणाले. "मी हाय की अजून."

आकडा निघाला. त्यांनी मंगळसूत्र तळहातावर घेतलं, मूठ मिटली, आणि दार लागेपर्यंत ती मूठ तिला दिसेल अशी समोर धरून उभे राहिले.